जाकिटातलं ३४ किलो सोनं : महाराष्ट्र राज्य विरुद्ध एम. एच. जॉर्ज

२८ नोव्हेंबर १९६२. सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी एक स्विस विमान सांताक्रूझला उतरलं. आदल्या दिवशी झुरिकहून निघालेलं. कस्टम्सच्या लोकांना आधीच खबर लागली होती. त्यांनी आधी विमानाचं मॅनिफेस्ट, म्हणजे मालाची यादी, तपासली. सोन्याची नोंद कुठेच नव्हती. ज्याच्यावर नजर होती तो प्रवासी खाली उतरतो का, याची त्यांनी वाट पाहिली. तो उतरला नाही, तेव्हा तेच वर चढले. मेयर हान्स जॉर्ज हा मनिलाला निघालेला जर्मन नागरिक आपल्या जागेवर बसून होता. सोनं आहे का, असं विचारल्यावर त्यानं खांदे उडवले. ‘कसलं सोनं?’

इन्स्पेक्टरनं त्याच्या पाठीवरून आणि खांद्यांवरून हात फिरवला. हाताला धातूचे तुकडे लागले. मग त्याला खाली उतरवून सामानाची आणि अंगाची झडती झाली. अंगात एक खास शिवून घेतलेलं जाकीट होतं, त्याला २८ कप्पे. नऊ रिकामे होते आणि उरलेल्या १९ मधून प्रत्येकी साधारण एक किलोच्या ३४ लगडी निघाल्या. सोनं माझं नाही, कुणाचं ते मला माहीत नाही, आणि भारतात सोनं आणण्याचा परवाना माझ्याकडे नाही, असं त्यानं सांगितलं.

सोनं इतकं जड असतं की एक किलोची लगड दोन काडेपेट्या शेजारी ठेवल्या तर होईल तेवढ्याच आकाराची भरते. ३४ किलो सोनं पावणेदोन लिटरच्या पातेल्यात मावेल. लपवायला सोपं, अंगावर वागवायला मात्र महाकठीण. हे जाकीट घालून खांदे उडवणारा माणूस डोळ्यांपुढे आणला, की त्याच्याविषयी सहानुभूती वाटणं अवघड जातं. आणि नेमकं म्हणूनच हे प्रकरण शिकवायला चांगलं. कारण ज्या मुद्द्यावर ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तो त्याच्या बाजूचा मुद्दा होता आणि अगदीच टाकाऊ नव्हता.

तारखांचा घोळ

परकीय चलन नियमन कायदा १९४७ चा. त्याच्या कलम ८(१) प्रमाणे केंद्र सरकारनं अधिसूचना काढली की रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय सोनं-चांदी भारतात आणता येत नाही. त्या कलमाला एक स्पष्टीकरण जोडलेलं होतं. सोनं विमानातून किंवा जहाजातून खाली न उतरवता तसंच पुढे परदेशी न्यायचं असलं, तरी भारताच्या बंदरात किंवा विमानतळावर ते येणं म्हणजे ‘आणणं’च. म्हणजे जॉर्ज जागेवरून हलला नाही, सांताक्रूझच्या जमिनीला त्याचा पाय लागला नाही, या गोष्टींचा काही उपयोग नव्हता. विमान टेकलं आणि सोनं आलं.

पण २५ ऑगस्ट १९४८ ला रिझर्व्ह बँकेनं सर्वसाधारण परवानगी देऊन ठेवली होती. सोनं भारतातून नुसतं पुढे जाणार असेल आणि वाहन बदलण्यापलीकडे खाली उतरवलं जाणार नसेल, तर ते चालेल. चौदा वर्षं हाच नियम होता. हाच प्रवास, हेच जाकीट घालून, त्यानं महिनाभर आधी केला असता तर या कलमाखाली तो गुन्हाच झाला नसता.

८ नोव्हेंबर १९६२ ला रिझर्व्ह बँकेनं नवी अधिसूचना काढून त्या सवलतीला एक परंतुक, म्हणजे जादा अट, जोडलं. पुढे जाणारं सोनं विमानाच्या मॅनिफेस्टमध्ये माल म्हणून जाहीर केलेलं असलं पाहिजे. ही अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापून आली २४ नोव्हेंबरला. जॉर्ज झुरिकहून निघाला २७ नोव्हेंबरला. मध्ये तीन दिवस.

त्या महिन्याचं वातावरणही लक्षात घ्या. चीनबरोबरचं युद्ध नुकतंच थांबलं होतं, देशभर संरक्षण निधीसाठी बायका अंगावरचे दागिने उतरवून देत होत्या, आणि दीडेक महिन्यात मोरारजी देसाईंचं सुवर्ण नियंत्रण येऊन चौदा कॅरेटचा जमाना सुरू होणार होता. परकीय चलनाची गंगाजळी आटलेली होती. मुंबईत सोन्याच्या तस्करीनं यंत्रणेला घाम फोडला होता. निकालपत्रातली भाषा वाचताना हे सगळं मागे ठेवून वाचावं लागतं.

खटला कसा वर गेला

इलाखा शहर दंडाधिकाऱ्यानं, म्हणजे तेव्हाच्या भाषेत प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटनं, जॉर्जला दोषी धरून एक वर्ष सक्तमजुरी दिली. (हे पद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं गेलं, त्याच्या जागी महानगर दंडाधिकारी आले, आणि २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेनं तेही गेले. जुने निकाल वाचताना पाट्या बदलत राहतात, काम तेच.) जॉर्जनं मुंबई उच्च न्यायालयात अपील केलं आणि तिथं तो निर्दोष सुटला. मग सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. उच्च न्यायालयात हरलं म्हणून आपोआप वर जाता येत नाही. इथं संविधानाच्या अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती मागावी लागली; न्यायालयानं ती दिली तरच असं अपील उभं राहतं. अपील सरकारचं, म्हणून प्रकरणाचं नाव ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध’ असं. फौजदारी खटल्यात एका बाजूला बहुधा राज्यच असतं. गुन्हा कुणा एकाविरुद्ध घडला असो वा, इथल्यासारखा, देशाच्या तिजोरीविरुद्ध.

तीन न्यायमूर्ती होते. के. सुब्बाराव, एन. राजगोपाल अय्यंगार आणि जे. आर. मुधोळकर. यातले मुधोळकर म्हणजे अमरावतीच्या रघुनाथ नरसिंह मुधोळकरांचे चिरंजीव. १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष ते हेच रघुनाथराव. निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. बहुमताचं निकालपत्र अय्यंगारांनी लिहिलं, सुब्बाराव विरोधात गेले.

मॅनिफेस्टचा मुद्दा आधी उरकून घेऊ, कारण तो लवकर उरकतो. बचाव असा होता की ‘माल’ म्हणजे विमान कंपनीकडे रीतसर सोपवलेली वस्तू. अंगावरच्या जाकिटातलं सोनं माल नव्हे, त्यामुळे परंतुक त्याला लागूच नाही. उच्च न्यायालयाला हे पटलं होतं. बहुमताचं उत्तर सरळ होतं. सोनं आणायला मुळात बंदी आहे. परवानगी हा अपवाद आहे आणि अपवादाच्या अटी पाळल्या तरच तो मिळतो. अंगावरचं सोनं मालात बसत नसेल, तर त्याला सवलतच नाही. हा युक्तिवाद वकिलांनी नेहमी ध्यानात ठेवावा असा आहे. नियम आणि अपवाद यांतलं काय कुठं आहे, यावर निम्मे खटले फिरतात. त्याच कायद्याच्या कलम २४(१) नं परवानगी असल्याचं शाबीत करण्याचा भारही आरोपीवरच टाकलेला होता. एरवी फौजदारीत शाबितीचा भार सरकार पक्षावर असतो, तो असा एकेका मुद्द्यापुरता सरकवलेला असतो.

मन कुठे येतं?

आता खरा प्रश्न. फौजदारी कायद्याचं एक जुनं लॅटिन सूत्र आहे. मन दोषी नसेल तर नुसत्या कृतीनं माणूस दोषी ठरत नाही. कृतीला म्हणतात ॲक्टस रेअस, मनाला मेन्स रिया. मराठीत ‘दुराशय’, ‘अपराधी मन’ असे शब्द वापरतात, पण कोर्टाच्या आवारात सगळे मेन्स रियाच म्हणतात. आणि ‘मन’ म्हणजे वाईट हेतूच असं नाही. उद्देश, जाणीव, बेपर्वाई यांतलं जे त्या गुन्ह्याच्या व्याख्येला लागतं ते.

भारतीय दंड संहितेत, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेत, बहुतेक कलमांत हे मन शब्दांतच लिहिलेलं असतं. ‘अप्रामाणिकपणे’, ‘हेतुपुरस्सर’, ‘माहीत असून’. अडचण होते ती विशेष कायद्यांची. परकीय चलन, अन्नभेसळ, रेशन, जकात. तिथं कलम नुसतं म्हणतं : जो कोणी हे करील त्याला इतकी शिक्षा. मनाविषयी एक अक्षर नाही. मग ते गृहीत धरायचं की वगळायचं?

इंग्लंडात १८९५ च्या एका खटल्यात हा प्रश्न फार सोप्या रूपात आला होता. कामावर असलेल्या पोलिसाला दारू विकणं गुन्हा. कामावरचा पोलीस दंडाला पट्टी बांधत असे. एकानं ती काढून ठेवली आणि गुत्त्यात जाऊन दारू मागितली. मालकाला वाटलं, सुट्टीवर आहे. कलमात ‘माहीत असून’ हे शब्द नव्हते. तरी न्यायालयानं मालकाला सोडलं. कायद्यानं स्पष्टपणे किंवा आपल्या रोखानं मन वगळलेलं नसेल, तर ते आहे असंच समजायचं.

जॉर्जच्या वकिलांनी हीच वाट धरली. बंदीची जाणीव नव्हती, म्हणून मेन्स रिया नाही, म्हणून गुन्हा नाही. अय्यंगारांनी सूत्र मान्य केलं आणि म्हणाले, पण या कायद्याचा रोख पाहा. देशाची आर्थिक घडी वाचवण्यासाठी, तस्करी रोखण्यासाठी तो केला आहे. आरोपीला बंदी माहीत होती हे प्रत्येक वेळी सिद्ध करायचं म्हटलं तर कायदा कागदावरच राहील. सबब जाणीवपूर्वक उल्लंघन केलं हे दाखवण्याची गरज नाही. मनाशिवायच्या अशा गुन्ह्याला कठोर दायित्वाचा गुन्हा म्हणतात.

पण त्याच निकालपत्रात एक जागा आहे, ती विद्यार्थी सहसा गाळतात. ‘आणणं’ या क्रियापदातच थोडं मन आहे, असं अय्यंगार म्हणतात. कुणी नकळत खिशात सोन्याची पुडी सरकवली, तर त्या माणसानं सोनं ‘आणलं’ असं म्हणता येणार नाही. भारतात ठरलेला थांबा नसलेलं विमान इंजिन बिघडून इथं उतरावं लागलं, तरी तेच. म्हणजे बहुमतानंही मन सगळंच हद्दपार केलं नव्हतं. दारातून बाहेर काढलेलं क्रियापदाच्या खिडकीतून थोडं आत घेतलं होतं.

तीन दिवसांचं राजपत्र

उरला अज्ञानाचा मुद्दा. कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, हे आपल्याकडे चहाच्या टपरीवरही ऐकायला मिळतं. पण त्यामागे एक अट गृहीत आहे : कायदा कळण्याची सोय असली पाहिजे. जॉर्जची तक्रार होती की दिल्लीच्या राजपत्रात छापलेली रिझर्व्ह बँकेची सूचना झुरिकमधल्या माणसाला तीन दिवसांत कळणार कशी? ती संसदेनं केलेला कायदा नव्हे, अधिकाऱ्यांनी काढलेलं दुय्यम विधान, म्हणजे कायद्यानं दिलेल्या अधिकारातून केलेला नियम. ते अमलात येण्याआधी लोकांना कळलं पाहिजे.

त्याच सुमाराला सिंगापूरचं एक प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश वसाहतींच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे, गेलं होतं. लिम चिन ऐक नावाच्या माणसाविरुद्ध मंत्र्यानं देशात येण्यास मनाई करणारा आदेश काढला, पण तो ना प्रसिद्ध केला ना त्याला कळवला. तो आला आणि पकडला गेला. प्रिव्ही कौन्सिलनं त्याची शिक्षा रद्द केली. बचावाचा हा हुकमी पत्ता होता. बहुमतानं तो बाजूला ठेवला. तो आदेश एका माणसापुरता होता आणि कुठंही छापलेला नव्हता. इथं सर्वांना लागू असलेली अधिसूचना आहे आणि ती राजपत्रात आली आहे. भारतात कायदा प्रसिद्ध करण्याची रूढ रीत तीच. परदेशात वेगळी प्रसिद्धी करण्याचं बंधन नाही. भारतात येणारा परदेशी माणूस इथल्या कायद्याला बांधील होऊनच येतो.

सुब्बारावांना हे पटलं नाही. कलमात मन वगळल्याचं कुठं दिसत नाही, आणि मन धरलं तरी कायद्याचा हेतू बुडत नाही, असं त्यांचं म्हणणं. जाणीव होती की नाही हे परिस्थितीवरून काढता येतं, न्यायालयं रोज तेच करतात. माहीत नसलेल्या माणसाला तुरुंगात टाकून तस्करी थांबत नाही.

आता माझं मत. मला वाटतं दोन्ही बाजूंनी दोन वेगळे प्रश्न एकाच पिशवीत भरले. जॉर्जला नेमकं काय काय माहीत होतं ते सुटं करून पाहा. अंगावर सोनं आहे, हे माहीत होतं. चौतीस किलो विसरता येत नाहीत. विमान मुंबईला थांबतं, तो ठरलेला थांबा होता. सोनं आपण यादीत दाखवलेलं नाही, हेही माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकच, की चार दिवसांपासून ते यादीत दाखवणं सक्तीचं झालं आहे. पहिल्या तिन्ही गोष्टी वस्तुस्थितीच्या आहेत, चौथी कायद्याची. मेन्स रियाचा अर्थ पहिल्या प्रकारची जाणीव. गुत्तेवाल्याची चूक वस्तुस्थितीविषयी होती, म्हणून तो सुटला. दंड संहितेची कलमं ७६ आणि ७९ (न्याय संहितेत १४ आणि १७) हाच भेद करतात : वस्तुस्थितीच्या चुकीला माफी, कायद्याच्या चुकीला नाही.

असं असेल तर जॉर्जला दोषी ठरवायला ‘मेन्स रियाची गरजच नाही’ असं म्हणण्याची गरज नव्हती. जेवढं मन लागतं तेवढं त्याच्याकडे होतं, एवढं म्हणून भागलं असतं. बहुमतानं डास मारायला तोफ काढली. आणि तोफेचा आवाज नंतर बराच काळ घुमत राहिला. आर्थिक कायद्यांच्या खटल्यांत सरकारी वकील ‘जॉर्ज’ हे नाव घेऊन उभे राहिले, तिथले आरोपी चौतीस किलोंचं जाकीट घातलेले असोत वा नसोत.

जाकिटाबद्दल आणि खांदे उडवण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. वर्गात कुणीतरी हमखास म्हणतं, ‘सर, लपवलं म्हणजे माहीत होतंच की!’ नाही. लपवण्यावरून एवढंच कळतं की कुणापासून तरी ते लपवायचं होतं. मनिलाच्या कस्टम्सपासून असेल, विमानातल्या चोरापासून असेल. २४ नोव्हेंबरपूर्वी मुंबईपासून लपवण्याचं कारण नव्हतं, तरीही तो जाकीटच घालून आला असता. खोटं बोलणं संशय वाढवतं, पण कशाविषयीचं ज्ञान त्यातून सिद्ध होतं हे नेमकं विचारल्याशिवाय तो पुरावा होत नाही.

धारचा गहू

जॉर्जचा निकाल १९६४ चा. पुढच्याच वर्षी, मार्च १९६५ मध्ये, सुब्बारावांपुढे दुसरं एक प्रकरण आलं. धारचा धान्य व्यापारी नथूलाल. मध्य प्रदेशात आदेश होता की ठराविक साठ्यापुढे धान्य ठेवायला परवाना हवा. नथूलालनं ३० सप्टेंबर १९६० ला अर्ज केला, फी भरली आणि व्यापार चालू ठेवला. साठ्याची विवरणपत्रंही तो वेळच्या वेळी पाठवत राहिला. अर्ज नामंजूर झाल्याचं त्याला कुणी कळवलं नाही. एक दिवस गोदामाची तपासणी झाली, ८८५ मण गहू मिळाला आणि खटला उभा राहिला. कलमात इथंही मनाविषयी काही नव्हतं.

या वेळी सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. प्रामाणिक समजुतीनं साठा ठेवणाऱ्यानं जाणूनबुजून उल्लंघन केलं असं होत नाही, आणि मेन्स रिया गृहीत धरायचं हा नियम, वगळायचं हा अपवाद. जॉर्जच्या प्रकरणात जे मत एकट्याचं होतं, ते इथं निकालाचं झालं. दोन्ही निकाल आजही शेजारी शेजारी उभे आहेत, आणि वकील आपापल्या अशिलाकडे पाहून त्यातला एक उचलतात. मला विचाराल तर ते एकमेकांच्या विरुद्ध नाहीतच. नथूलालची चूक अर्जाच्या निकालाविषयी होती, म्हणजे वस्तुस्थितीविषयी.

संसदेनं मग मधली वाट काढली. १९७२ मध्ये विधी आयोगाच्या ४७ व्या अहवालात आर्थिक गुन्ह्यांच्या खटल्यांचा विचार झाला. १९७३ च्या नव्या परकीय चलन कायद्यात कलम ५९ आलं. गुन्ह्याला मन लागत असेल तर ते आहे असं न्यायालयानं गृहीत धरायचं, आणि ते नव्हतं हे आरोपीनं वाजवी संशयापलीकडे सिद्ध करायचं. कस्टम्स कायद्यात कलम १३८अ तसंच. मन काढून टाकलं नाही, त्याच्या शाबितीचा भार पलीकडे ढकलला. आरोपीकडून सरकार पक्षाइतकाच कडक पुरावा मागणं ही जास्तीची मागणी आहे, असं माझं ठाम मत आहे, पण निदान दार उघडं आहे. १ जून २००० ला फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, लागू झाला आणि परकीय चलनाचं उल्लंघन मुख्यतः दंडाचा विषय झालं. सोन्याच्या तस्करीला मात्र कस्टम्स कायद्यातला तुरुंग राहिला.

जॉर्जचं काय झालं? मे १९६४ मध्ये न्यायालयानं बहुमतानं आदेश दिला, सविस्तर कारणं २४ ऑगस्टला आली. निर्दोष सुटका रद्द, दोषसिद्धी कायम. शिक्षा मात्र आतापर्यंत भोगली तेवढीच. ज्या माणसावरून मेन्स रियाचा कायदा पुढची दहा वर्षं घुसळला गेला, त्याला निकालानंतर एक दिवसही पुन्हा आत जावं लागलं नाही.